वेगाचा काटा

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी आई म्हणायची, याच्या पायाला भिंगरी आहे. लग्नानंतर बायको म्हणायला लागली, पायाला न्हाई, हाताला हाय. तिचंच खरं. बहरीनला नईममध्ये आमच्या दोन खोल्या होत्या. मी खोलून परत बसवला नाही असा एक नळ, एक बिजागरी, एक पंखा त्या घरात उरला नव्हता. शुक्रवारी सुट्टी. इमारतीतली बाकीची मंडळी जेवून ताणून द्यायची आणि मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन घरभर फिरायचो. "मिक्सरला हात लावायचा न्हाई," एवढं बायको म्हणाली की माझा शुक्रवार तिथंच संपायचा.

त्याआधी अकरा वर्षं मी एअरफोर्समध्ये एअरफ्रेम फिटर होतो. म्हणजे इंजिन सोडून विमानाचं बाकी सगळं आमच्याकडे: सांगाडा, कापड, तारा, चाकं. तेव्हा शिकाऊ वैमानिकांसाठी पिवळी, दुहेरी पंखांची विमानं होती. एकावर एक पंख, मध्ये ताणलेल्या तारा, वरून कापड, आणि बसणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर नाही. आम्ही ती पुसायची, ढकलत बाहेर आणायची, हातानं प्रोपेलर फिरवून चालू करून द्यायची, आणि विशीतल्या कॅडेटांनी ती घेऊन वर जायचं. परत आली की पंखांवर चिरडलेले किडे ओल्या फडक्यानं काढायचं कामही आमचंच. त्या खुर्चीत बसून मी शेकडो वेळा दांडी हलवून पाहिली असेल, पण जमिनीवर. मला एकदाही कुणी वर नेलं नाही. हे मी सगळ्यांना हसत सांगायचो, पण ते मला लागलं होतं.

एअरफोर्सनं दुसरी एक गोष्ट दिली, ती म्हणजे सही. ज्यानं काम केलं त्यानं लॉगबुकात लिहून खाली सही करायची. तुमच्या सहीवर विश्वास टाकून दुसरा माणूस वर जातो. अकरा वर्षांत मी एकही खोटी सही केली नाही, हे पाहुण्यारावळ्यांना मी इतक्यांदा ऐकवलं होतं की माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच बायको ते पुरं करून चहा ठेवायला उठायची.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर बहरीनच्या विमानतळावर मला नोकरी लागली. काम मोठ्या जेट विमानांचं, शिफ्टमधलं. तिथं सगळं खोक्यात बंद असतं. खोका काढायचा, दुसरा लावायचा. माझे हात उपाशी राहायचे. असाच एका शुक्रवारी पाय मोकळे करायला मुहर्रकला गेलो, तर विमानतळाच्या मागच्या अंगाला, कुंपणाशी, एका पत्र्याच्या शेडमध्ये मला ते दिसलं. चार बोटं धूळ, कापड फाटून लोंबतंय, खुर्चीत कबुतरांची घरटी. बाहीनं थोडी धूळ पुसली तर खाली तोच पिवळा रंग. इंग्रजांची फौज बेट सोडून गेली तेव्हा तिच्या हौशी क्लबानं ते तिथंच टाकून दिलं होतं. मी भर उन्हात त्याच्याभोवती चार फेऱ्या मारल्या. घरी आल्यावर मला जेवणही गेलं नाही.

ते आम्ही तिघांनी घेतलं. एक मी. दुसरा झिंजला राहणारा साठीतला इंग्रज वैमानिक. लढाईच्या काळात त्यानं हिंदुस्थानात कॅडेटांना शिकवलं होतं, आणि तिथून उचललेली मोडकी हिंदुस्थानी त्याला अजून येत होती. आम्ही त्याला कप्तान म्हणायचो आणि तो मला मिस्त्री. तिसरा रत्नागिरीचा मुसलमान गृहस्थ, बाजारात मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान असलेला. विमानाला लागणारी कुठलीही वस्तू हा माणूस कुठल्या ना कुठल्या जहाजानं मागवून द्यायचा, पण तो स्वतः त्यात कधी बसला नाही. "माजा वाटा जमिनीवरचा, भाऊ," तो म्हणायचा, "वरचा तुमचा दोघांचा, इंशाल्ला."

दोन वर्षांचे शुक्रवार त्या शेडमध्ये गेले. पंखांचं नवं कापड बायकोनं शिवलं. गॅलरीभर पसरलेल्या त्या ताग्यातून वाट काढत शेजारी जायचे, आणि ही मशीनवर वाकून म्हणायची, "येवढ्यात साऱ्या गल्लीला पडदं झालं असतं." पण टाके मात्र बारीक आणि एकसारखे. कप्तान ते भिंगातून बघायचा आणि मान डोलवायचा. तारा मी ताणल्या. एकेक तार बोटानं छेडून, कानानं ऐकून, पुन्हा पाव फेरा आवळून. शेवटी यंत्र उडालं, आणि कप्तान मला शिकवायला लागला. चव्वेचाळीसाव्या वर्षी मी पहिल्यांदा त्या खुर्चीत बसून जमीन सोडली. खाली उतरल्यावर मी शेडच्या मागे जाऊन रडलो. आता सांगायला हरकत नाही.

बायकोची एकच अट होती. कप्तान बरोबर असेल तर खुशाल जा. एकटं जायचं नाही. आणि मला तर एकट्यानंच जायचं होतं. आपण उडवलं असं म्हणायचं तर पुढच्या खुर्चीत दुसरं कुणी नको. या विमानात शिकवणारा पुढं बसतो आणि शिकणारा मागं. वर्षभर कप्तानाचं टक्कल बघत उडत होतो. शेवटी एका शुक्रवारी तो म्हणाला, "मिस्त्री, अगले जुम्मे हवा ठीक, तो तुम अकेला."

तो पुढचा शुक्रवार नेमका दसऱ्याचा होता. चार दिवस मी बायकोला सांगितलं नाही. घरातल्या तीन बिजागऱ्यांना तेल घातलं, चालू घड्याळ उघडून परत लावलं. पाचव्या दिवशी तिनंच घड्याळ माझ्या हातातून काढून घेतलं.

"काय झालंय? सांगा तरी."

मी सांगितलं. तिनं घड्याळ नेऊन कपाटावर ठेवलं. मला वाटलं, आता संपलं. मग म्हणाली, "दसऱ्याला पूजा केल्याबिगर कुनी सायकल भाईर काढत न्हाई, आन् ह्ये तर इमान हाय. म्या येनार."

तिनं आजवर शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. ती येते म्हणाली, म्हणजे तिनं अट मागं घेतली. मला इतका आनंद झाला की मी मिक्सरलाही हात लावला नाही.

दसऱ्याच्या सकाळी वारा पडलेला होता. मी विमानाभोवती नेहमीची फेरी मारली. उडण्याआधी उडवणाऱ्यानं स्वतः ही फेरी मारायची असते: चाकं, तारा, खिळे, शेपटी, सगळं हात लावून बघायचं. ती झाल्यावर बायको ताट घेऊन पुढं आली. गच्चीवर तुपाच्या रिकाम्या डब्यांत तिनं झेंडू लावला होता, त्याची माळ प्रोपेलरला घातली. चाकांना हळदकुंकू लावलं. कप्तान टोपी काढून, मान खाली घालून उभा होता आणि रत्नागिरीकर नारळ धरून. पंखांच्या मधल्या खांबावर एक बारीक पितळी नळी पुढं आलेली होती. तिच्यावर लाल फीत लावलेलं एक टोपडं असायचं, धूळ जाऊ नये म्हणून.

"ह्ये काय? नाकागत?"

"यातनं वारा आत जातो, त्यावरनं वेग कळतो," मी म्हणालो. "सगळ्यात महत्त्वाचं हेच. वेग कळला नाही तर माणूस आंधळा."

"मग त्येच्या त्वांडावर फडकं कशाला? द्येवाची पूजा कुनी त्वांड झाकून करतं व्हय?"

टोपडं मीच काढलं, माझ्या हातानं. तिनं पदरानं नळी स्वच्छ पुसली. सगळ्यात महत्त्वाचं म्हटल्यावर सगळ्यात ठसठशीत टिळा तिथं लागायला हवा. तिनं ओलं कुंकू बोटावर घेऊन नळीच्या टोकाला दाबून लावलं, वर अक्षता चिकटवल्या आणि डोळे मिटून हात जोडले. मीही जोडले. पूजा झाल्यावर मी थेट खुर्चीत चढलो. फेरी आधीच झाली होती, परत मारायचं डोक्यातही आलं नाही.

टॉवरवरून हिरवा दिवा दिसला. मी थ्रॉटल पुढं ढकललं. पुढच्या खुर्चीत टक्कल नाही, समोर सगळं आभाळ, आणि विमान इतकं हलकं की मी तयार व्हायच्या आत ते जमिनीवरून सुटलं. धावताना वेगाचा काटा हलतोय ना हे बघायचं असतं. कप्तानानं शंभर वेळा सांगितलं होतं. मी बघितलं ते घरांच्या गच्च्या खाली गेल्यावर. काटा शून्यावर.

काचेवर टिचकी मारली. शून्य. आणखी एक मारली. खाली मुहर्रकची घरं, मग उथळ हिरवं पाणी, त्यात नांगरलेलं एक गलबत, आणि माझ्यासमोरचा काटा सांगत होता की मी जागेवर उभा आहे.  उतरताना वेग फार कमी झाला तर विमान दगडासारखं खाली येतं, फार जास्त राहिला तर ते धावपट्टी ओलांडून पुढं जातं. मधला वेग तो काटा सांगतो. मी जोरात बोललो, कुणी ऐकणारं नव्हतं तरी. काय बोललो ते लिहिण्याजोगं नाही.

मग मला तारा ऐकू आल्या. त्या मी ताणल्या होत्या. वर्षभर कप्तानाबरोबर उतरताना त्यांचा आवाज कसा खाली येत जातो, ते माझ्या कानात बसलं होतं, मुद्दाम ऐकलं नसलं तरी. मी वळसा घेतला, इंजिन कमी केलं, डोळे धावपट्टीवर आणि कान तारांवर ठेवले. आवाज फार उतरला की नाक खाली, चढला की वर. विमान टेकलं, उडी मारली, परत टेकलं, आणखी एक छोटी उडी मारली आणि राहिलं.  इंजिन बंद केल्यावर दोन मिनिटं मला पट्टा सोडता आला नाही.

कप्तान धावत आला. मी म्हणालो, "स्पीड नहीं था." त्यानं वाकून काटा बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि बायकोकडे वळून म्हणाला, "काँटा मर गया था. फिर भी उतर आया. बहुत अच्छा मिस्त्री!" मग मला हळू म्हणाला, "क्यों मरा, देखो. लॉगबुक में लिखो." आणि सगळे नारळाचा प्रसाद घ्यायला शेडकडे गेले.

मी नळी सोडवली. तोंडाशी कुंकू वाळून घट्ट बसलं होतं. तारेनं कोरलं तेव्हा लाल झालेले तीन तांदूळ तळहातावर पडले. मी ते बघत राहिलो. फेकताही येईनात, पायदळीही जाऊ देता येईनात. खिशात टाकले, आणि घरी गेल्यावर झेंडूच्या डब्यातल्या मातीत पुरले.

लॉगबुकात मी इंग्रजीत लिहिलं: नळीत किडा सापडला, साफ केली. खाली सही केली.

का केली? मी त्याची बरीच कारणं नंतर शोधून काढली. कप्तान हिला परत विमानापाशी येऊ देणार नाही. हिला कळलं की तिच्याच अक्षतांनी मी मरत होतो, तर ती आयुष्यभर मनाला लावून घेईल. सगळी कारणं छान होती. खरं कारण एवढंच की तिला कळलं असतं तर तिनं मला पुन्हा एकटं जाऊ दिलं नसतं, आणि मला पुन्हा जायचं होतं.

"कौन सा कीडा?" दुसऱ्या शुक्रवारी कप्तानानं विचारलं.

"गांधीलमाशी," मी म्हणालो. एक खोटं लिहिल्यावर दुसरं बोलायला काहीच लागत नाही.

तो गंभीर झाला. त्याच्या तरुणपणी त्याच्या ओळखीचा एक जण अशाच नळीत घर केलेल्या माशीपायी गेला होता, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून कप्तानानं गांधीलमाश्यांशी युद्ध मांडलं. रत्नागिरीकराकडून फवारणीचा पंप आणि औषधाचे डबे मागवले. दर शुक्रवारी उडण्याआधी अर्धा तास हा साठीतला माणूस शेडचे कोपरे, पत्र्याच्या फटी, जुने खोके धुंडाळायचा आणि औषध मारायचा. आम्ही दोघं शिंकत त्याच्या मागं. "भाऊ, मला तर यक बी माशी दिसली नाय," रत्नागिरीकर एकदा मला म्हणाला, "तुला दिसली ती शेवटचीच असंल." मी पान्हा शोधायला वाकलो.

हिवाळ्यात कप्तान शिडीवर चढून आढ्यापाशी काठी फिरवत होता, शिडी सरकली आणि तो पडला. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. त्याला गाडीत बसवून झिंजला सोडायला आम्हीच गेलो. एका हातानं त्याला बुटाची नाडी बांधता येईना, ती मी खाली बसून बांधली. तो वरून म्हणाला, "मिस्त्री, मक्खी अभी नहीं मिला." तेव्हा सांगायला हवं होतं. माझ्या तोंडाशी आलं होतं. मी गाठ दोनदा सोडून दोनदा मारली आणि उठून उभा राहिलो.

घरी तर आणखी बहार होती. काटा बंद पडला तरी नवरा सुखरूप उतरला, तो पूजेमुळं, यात बायकोला शंका नव्हती. तिनं ते नईमभर सांगितलं. साताऱ्याकडच्या एका ड्रायव्हरनं पिकअप घेतली, तर त्याची बायको हिला ओवाळायला बोलवून घेऊन गेली. "वैनी, तुमच्या हाताला गुन हाय," असं बायका म्हणायच्या आणि ही लाजायची. जेवताना हे ऐकून माझा घास फिरायचा. मी तापट माणूस, उगाच कशावरून तरी खेकसायचो. मला लायसन्सही मिळालं त्या वर्षात. सनदच्या खजुरीच्या बागांवरून एकट्यानं घिरट्या घातल्या, खाली बागांच्या सावल्या आणि पांढरे रस्ते. पण चढताना दर वेळी माझी नजर आधी त्या काट्यावर जायची, तो हलायचा, आणि मला लॉगबुकातली ती ओळ आठवायची. ज्या गोष्टीसाठी खोटं लिहिलं तिचीच मजा गेली होती.

पुढच्या वर्षी गणपती दोन दिवसांवर आले होते. विमानाच्या वार्षिक तपासणीच्या नोंदी करायला लॉगबुक मी घरी आणलं होतं. अंघोळ करून बाहेर आलो तर बायको आणि आमची मुलगी ते उघडून बसलेल्या. मुलगी इंग्रजी शाळेत, आम्ही मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं. आईला हौस आली होती, आपल्या दसऱ्याच्या दिवसाबद्दल काय लिहिलंय ते ऐकायची.

"पूजेचं काय लिवलंय?" ती विचारत होती.

"नथिंग अबाउट पूजा, आई. ओन्ली इन्सेक्ट."

"म्हंजे?"

मुलीला शब्द सापडायला वेळ लागला. "किडा. नळीत किडा होता."

बायकोनं माझ्याकडे बघितलं नाही. ती आठवत होती. मला तिच्या चेहऱ्यावर ते एकेक करून दिसत गेलं.

"किडा कसा आसंल?" ती सावकाश म्हणाली. "नळी म्या सोता पदरानं पुसली हुती. आतबी बगितलं हुतं. मग टिळा लावला. मग तुमी लगीच बसला." ती थांबली. "अहो... टिळा कुठं गेला मग?"

मी टॉवेल घेऊन उभा. मुलगी एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मी सांगून टाकलं. तांदूळ, कुंकू, किडा, गांधीलमाशी, शिडी, सगळं. सांगताना मी ओरडत होतो, जणू तिचीच चूक. टोपडं मी काढलं, फेरी परत मी मारली नाही, काटा मी बघितला नाही, हेही ओरडूनच सांगितलं.

तिचे डोळे भरले, पण ती रडली नाही. मला वाटलं, आता म्हणेल, उडणं बंद. ती म्हणाली, "तुमी खोटी सही केली?"

 वर्षानुवर्षं ती ज्या वाक्याच्या मध्येच उठून जायची, ते तिनं खरं मानलं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

"त्यो म्हातारा माझ्या तांदळापायी शिडीवरनं पडला," ती म्हणाली. "शुक्रवारी म्या यीन तुमच्यासंगं."

शुक्रवारी ती आली. मी वाटेत तीनदा म्हणालो की मी सांगतो, तू मध्ये पडू नकोस. शेडमध्ये कप्तान पंप भरत होता. मी घसा साफ केला, हवेबद्दल काहीतरी बोललो. बायको पुढं झाली. तिचं हिंदी माझ्याहून वाईट.

"साब, कीडा नहीं. चावल. मेरा चावल." तिनं नळीकडे बोट दाखवलं आणि हवेतच टिळा लावून दाखवला. "ये झूठ लिखा. हम को मालूम नहीं था. आज बोलता."

कप्तानानं पंप खाली ठेवला.  प्लास्टर निघालं तरी त्याचं ते मनगट अजून पुरतं वळत नव्हतं, तो दुसऱ्या हातानं ते चोळत होता. मग त्यानं लॉगबुक मागितलं, ती ओळ काढली आणि स्वतःचं पेन मला दिलं. मी किडा खोडला. बाजूला लिहिलं: तांदूळ, तीन दाणे, आणि कुंकू, उडण्याआधीची फेरी पूजेनंतर मारली नाही, चूक माझी. नवी तारीख घातली, सही केली.

"चार जुम्मा," कप्तान म्हणाला. "चार जुम्मा तुम नीचे. चावल के लिए नहीं, मिस्त्री. कीड़े के लिए."

त्यानं लॉगबुक पेटीत टाकून कुलूप लावलं आणि गाडी काढून निघून गेला. रत्नागिरीकर एवढा वेळ दारात उभा होता. तो फक्त म्हणाला, "खलास. आता तो पंप मी दुकानात नेऊ काय?" मला हसू आलं आणि मग आवरेना.

ते चार शुक्रवार मी शेडमध्ये जाऊन बसलो. कप्तान उडायचा, मी पुसायचो, ढकलायचो, प्रोपेलर फिरवून द्यायचो. थेट तरुणपणासारखं. विमान वर गेलं की कुंपणाशी उभा राहून ते दिसेनासं होईपर्यंत बघायचो. जीव नुसता कासावीस व्हायचा. चौथ्या शुक्रवारी उतरल्यावर कप्तान चष्मा पुसत म्हणाला, "दशहरा कब है?"

त्या वर्षी दसरा आडवारी होता. मी रजा टाकली. बायको ताट घेऊन आली, डब्यांतला झेंडू यंदा जास्तच फुलला होता. माळ घातली, चाकांना हळदकुंकू लावलं. नळीपाशी आली तेव्हा तिच्यावर टोपडं होतं. तिनं ते काढू दिलं नाही. टोपड्याच्या वरच एवढासा टिळा लावला, अक्षतांचे दाणे मोजून वर ठेवले, परत वेचून ताटात घेतले. मग बाजूला झाली.

"आता फेरी मारा," ती म्हणाली. "सगळी. म्या बगती."

मी फेरी मारली. ती माझ्या मागून प्रत्येक तारेशी थांबत होती. तिचे टाके असलेल्या पंखावर तिनं हात फिरवला. शेवटी तिनं स्वतः टोपडं काढलं, नळीत डोळा लावून आत बघितलं आणि ते टोपडं मुठीत धरून पुढच्या खुर्चीकडे निघाली.

"कुठं?"

"तुमी म्हनता काटा हलला का न्हाई ते बगायचं इसरलो. म्या बगती. पुढंबी यक काटा हाय म्हनं."

दोन्ही खुर्च्यांपुढं वेगाचा काटा असतो, हे तिला कप्तानानं सांगितलं असणार. तो दुसरीकडे बघत उभा होता. तिनं पदर खोचला, त्यानं तिच्या डोक्यावर आपली चामड्याची टोपी बांधली, बोलायच्या रबरी नळीचं भोंगं तिच्या तोंडाशी आणून दिलं आणि बोटानं तो काटा दाखवला. मला तिची फक्त टोपी दिसत होती, आणि मुठीतून बाहेर आलेली लाल फीत.

हिरवा दिवा लागला. मी थ्रॉटल पुढं ढकललं. विमान धावायला लागलं, शेपटी उचलली, तारा वाजायला लागल्या. मी नजर खाली नेणार तेवढ्यात कानातल्या नळीतून तिचा आवाज आला.

"हलला! अहो, हलला काटा!"